उंबरमाळीचे रान आणि हिमालयाचे पाहुणे

कल्याणहून कसाऱ्याकडे जाणाऱ्या लोहमार्गावर खर्डी आणि कसारा या दोन स्थानकांच्या मध्ये उंबरमाळी येते. ठाणे जिल्ह्याच्या शहापूर तालुक्यातील हे ठिकाण ज्या मुलखात वसले आहे, त्याच्या पूर्वेला थळघाटापासून माळशेज घाटापर्यंत सह्याद्रीची सलग भिंत उभी आहे, पश्चिमेला तानसा नदीचे खोरे पसरले आहे, उत्तरेला वैतरणा वाहते, तर दक्षिणेला भातसा ओलांडली की मुरबाड तालुक्याची भातखाचरे सुरू होतात. साग, ऐन, खैर, मोह, कळंब, हेद आणि बिबळा या झाडांचे येथील पानझडी रान चैत्रात उघडेबोडके दिसते आणि मृगाचा पाऊस पडताच पंधरा दिवसांत ओळखू येणार नाही इतके दाट होते. या रानातील पक्ष्यांचा आणि श्वापदांचा गेल्या दोनशे वर्षांचा इतिहास हा बव्हंशी त्यांच्या स्वतःच्या जीवनक्रमाचा इतिहास नाही; लाकूड, लोहमार्ग आणि पाणी या माणसाच्या तीन गरजांनी त्यांच्या निवाऱ्याचे काय केले, याचा तो इतिहास आहे. त्यांतील पहिल्या दोन गरजांनी रान खाल्ले आणि तिसरीने त्याचा बराच भाग राखला. ते राखले गेले ते प्राण्यांसाठी नव्हे, तरीही हिमालयात जन्मलेले पक्षी आजही दर हिवाळ्यात ज्या सावलीला येऊन उतरतात ती सावली याच राखणीतून उरलेली आहे.

गावाच्या नावातील उंबर हा या मुलखाच्या प्राणिजीवनाचा एक खांबच मानावा लागेल. ओढ्याकाठी वाढणाऱ्या या झाडाला फळे फांदीच्या टोकाला न लागता खोडावर आणि जाड फांद्यांवर घोसाघोसांनी लगडतात, आणि त्याचे फूल फळाच्या पोटातच दडलेले असल्यामुळे दिसत नाही. क्वचित भेटणाऱ्या माणसाला मराठीत ‘उंबराचे फूल’ म्हणतात ते यावरूनच. या फुलांचे परागण फळाच्या तोंडाशी असलेल्या बारीक छिद्रातून आत शिरणाऱ्या चिमुकल्या गांधीलमाशीमुळे होते. रानातील बाकीची झाडे पाने गाळून कोरडी उभी असतात त्या दिवसांत उंबर पिकतो, म्हणून एका झाडावर भल्या पहाटेपासून अनेक जातींची वर्दळ असते. हिरवट पिवळ्या रंगाचे हरियाल हे जंगली कबूतर, जे आज महाराष्ट्राचा राज्यपक्षी म्हणून ओळखले जाते, पानांशी इतके एकरूप होऊन बसते की फळ तुटून खाली पडल्याच्या आवाजानेच त्याचा पत्ता लागतो. तांबट आणि कुटुर्गा हे जाड चोचीचे पक्षी फळाला भोक पाडून आतला गर खातात. राखी धनेश मात्र पिकलेले फळ चोचीच्या टोकात धरतो, मानेला झटका देऊन ते हवेत उडवतो आणि घशात झेलतो. रात्री हेच झाड वटवाघळांचे होते आणि खाली पडलेली फळे भेकर व साळिंदर वेचतात. उंबरात दत्ताचा वास मानला जात असल्याने त्यावर कुऱ्हाड चालवायला हात सहसा धजत नाही. साग आणि खैर तुटून गेलेल्या पट्ट्यांतही जुने उंबर उभे दिसतात, त्याचे एक कारण ही श्रद्धा आहे. दुसरे कारण असे की त्याचे लाकूड इमारतीच्या कामाचे नाही, आणि बाजारात किंमत नसणे हेही झाडाच्या दृष्टीने एक संरक्षणच असते.

या रानातील पक्षी सगळेच येथले कायमचे रहिवासी नाहीत. नवरंग हा हिरवा, निळा, पिवळा आणि पोटाखाली शेंदरी असे रंग ल्यालेला आखूड शेपटीचा पक्षी पावसाच्या तोंडावर येतो, पावसाळ्यात घरटे करतो आणि हिवाळ्यात दक्षिणेकडे निघून जातो. त्याच्या उलट क्रमाने, दसरा-दिवाळीच्या सुमारास, पाहुण्यांची दुसरी रांग उत्तरेकडून येते. निळ्या डोक्याचा कस्तूर हा त्यांतील विशेष लक्षणीय पक्षी आहे. कस्तूर हे जमिनीवर व झाडांत किडे टिपणाऱ्या, गोड शीळ घालणाऱ्या पक्ष्यांच्या एका मोठ्या गटाला मराठीत दिलेले नाव आहे. या जातीच्या नराचे डोके निळे, डोळ्यावरून गेलेला पट्टा काळा, पोट नारिंगी आणि पंखावर पांढरा ठिपका असतो. मादी तपकिरी, खवल्याखवल्यांच्या अंगाची असल्याने पाचोळ्यात सहज विरून जाते. हिमालयाच्या उतारांवरील चीड आणि ओक वृक्षांच्या वनांत उन्हाळ्यात वीण झाली की हे पक्षी हजाराहून अधिक किलोमीटरचे अंतर काटून सह्याद्रीच्या रानांत येतात आणि चैत्र-वैशाखापर्यंत राहतात. अंगभर निळसर-हिरवी झाक असलेला नीलांग हा माशीमार कुळातील, म्हणजे उडते कीटक हवेतच टिपणाऱ्या पक्ष्यांच्या कुळातील पाहुणाही त्याच काळात दिसतो. नेपाळच्या किंवा कुमाऊँच्या डोंगरात जे पक्षी उन्हाळ्याचे म्हणून ओळखले जातात, ते शहापूरच्या माणसासाठी थंडीचे पक्षी असतात. एकाच पक्ष्याची ही दोन घरे आहेत आणि दोन्ही टिकली तरच तो टिकतो.

पाहुण्यांचा हा येण्याजाण्याचा संबंध वर्षावर्षाचा आहे. परंतु हिमालय आणि सह्याद्री यांचे नाते त्याहून फार जुने असावे, असे अभ्यासकांना वाटत आले आहे, आणि त्याचे कारण येथे बारमाही राहणाऱ्या काही जातींमध्ये सापडते. थळघाट व माळशेजच्या ओढ्यांवर पावसाळ्याच्या पहाटे ऐकू येणारी, एखादा माणूस स्वतःशीच रमत शीळ घालीत चालला आहे असे वाटायला लावणारी लांब शीळ ही शीळकरी कस्तुराची असते. गर्द निळसर काळ्या अंगाचा आणि कपाळावर चमकता निळा पट्टा असलेला हा पक्षी पाण्याच्या धारेलगतच्या कपारीत घरटे करतो. त्याचा सख्खा भाऊ शोभेल असा दुसरा निळा कस्तूर हिमालयातील खळाळत्या प्रवाहांवर तसाच राहतो, मात्र या दोहोंच्या मधल्या विस्तीर्ण सपाट मुलखात असले पक्षी स्थायिक नाहीत. मग ते येथवर आले कसे? भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेचे संचालक सुंदरलाल होरा यांनी डोंगरी प्रवाहांतील माशांच्या अभ्यासावरून असे मत मांडले की, हिमयुगाच्या काळात हवामान अधिक थंड व दमट असताना विंध्य आणि सातपुड्याच्या रांगा हिरव्या राहिल्या आणि त्या पुलावरून पूर्व हिमालयातील जीवजाती सह्याद्रीत पोचल्या. पुढे हवामान कोरडे झाले, मधला दुवा तुटला आणि दोन्ही टोकांवरील वंश वेगळे पडले. या मताला सातपुडा गृहीतक असे नाव मिळाले आणि १९४९ साली पक्षिशास्त्रज्ञ सालिम अली यांनी त्याच्या पुष्ट्यर्थ पक्ष्यांचा पुरावा मांडला. नंतरच्या संशोधकांनी या गृहीतकावर गंभीर आक्षेप घेतले असले आणि प्रत्येक जातीचा प्रवास वेगळा तपासावा लागतो हे आता मान्य झाले असले, तरी सह्याद्रीच्या ओढ्यावरील पक्षी समजून घेण्यासाठी हिमालयाकडे पाहावे लागते ही त्यातील मूळ दृष्टी आजही उपयोगी आहे.

शीळकरी कस्तूर आणि निळ्या डोक्याचा कस्तूर या दोघांनाही शास्त्रीय नावे १८३०च्या सुमारास लंडनमध्ये निकोलस व्हिगर्स या एकाच प्राणिशास्त्रज्ञाने दिली. एक पक्षी सह्याद्रीचा, दुसरा हिमालयाचा. दोघेही कातडी सोलून, कापूस भरून, चिठ्ठी बांधून जहाजाने एकाच शहरात पोचले होते. ते ज्यांनी धरले किंवा मारले, त्यांची नावे त्या नोंदींत नाहीत, आणि येथील प्राणिजीवनाचा इतिहास लिहिताना ही उणीव पुन्हा पुन्हा आड येते.

दख्खनच्या बाजूने या नोंदींचा आरंभ विल्यम सायक्स या लष्करी अधिकाऱ्याने केला. मुंबई सरकारसाठी आकडेवारी गोळा करण्याच्या कामावर असताना त्याने घाटमाथ्यावरील पशुपक्ष्यांचे नमुने जमवले आणि १८३१-३२ मध्ये त्यांच्या सूची लंडनच्या प्राणिशास्त्रीय संस्थेपुढे ठेवल्या. भाताच्या खाचरात मान आखडून तासन् तास उभा राहणारा आणि उडताच एकदम पांढराशुभ्र दिसणारा वंचक हा लहान बगळा शास्त्राच्या दप्तरी आला तो सायक्समुळे. टोळीने शिकार करणाऱ्या रानकुत्र्याला त्याने दख्खनचे नाव दिले आणि मराठे लोक त्याला ‘कोळसून’ म्हणतात, हेही सोबत नोंदवले. लॅटिन नावाशेजारी मराठी नाव लिहिण्याची ही पद्धत फार मोलाची होती, कारण नाव सांगणारा कोणीतरी माणूस तेथे उभा होता, एवढे तरी त्यातून कळते. त्याच काळात हिमालयाच्या बाजूला ब्रायन हॉजसन हे नाव मोठे होत होते. काठमांडूच्या ब्रिटिश वकिलातीत १८२०पासून काम केलेला आणि १८३३ ते १८४३ या काळात रेसिडेंट, म्हणजे दरबारातील ब्रिटिश प्रतिनिधी असलेला हा अधिकारी काठमांडूच्या खोऱ्याबाहेर मनमोकळा हिंडू शकत नव्हता. त्यामुळे त्याने नेपाळी पारध्यांकडून नमुने आणवले आणि नेपाळी चित्रकारांकडून त्यांची चित्रे काढून घेतली. त्यांतील राजमान सिंह या चित्रकाराचे नाव आज आदराने घेतले जाते. ठाणे जिल्ह्याच्या वाट्याला असा राजमान सिंह आला नाही. येथील ठाकर, महादेव कोळी, कातकरी, वारली आणि कुणबी लोकांचे पक्षिज्ञान बोलीत राहिले, कागदावर उतरले नाही.

ते ज्ञान किती होते याचा अंदाज मात्र भाषेतूनच लागतो. वैशाखाच्या अखेरीस ओरडणाऱ्या पावशाच्या हाकेत शेतकऱ्याला ‘पेरते व्हा’ असे शब्द ऐकू येतात आणि त्या हाकेवर बी-बियाण्याची तयारी होते. भारद्वाजाला कुंभा आणि कुकुडकोंबा अशी नावे आहेत व त्याचे दर्शन शुभ मानले जाते. टिटवीने अंडी ओढ्याच्या पात्रात घातली की उंचवट्यावर, यावरून पावसाचे मान ताडण्याची रीत आहे. पहाटेच्या अंधारात दारोदार फिरणाऱ्या पिंगळा नावाच्या भिक्षेकऱ्याला पिंगळ्या घुबडाची भाषा कळते आणि त्यावरून तो भविष्य सांगतो, अशी समजूत महाराष्ट्रभर आहे. श्वापदांच्या बाबतीत हे नाते याहून गहिरे होते. वाघोबा हा या पट्ट्यातील गावशिवेवरचा देव आहे: लाकडी फळीवर किंवा दगडावर कोरलेला, शेंदूर माखलेला वाघ, त्याच्या डोक्याशी बहुधा सूर्य आणि चंद्र. मुंबई, ठाणे व पालघर या भागांत अशी दीडशेच्या आसपास ठाणी अभ्यासकांनी अलीकडे मोजली आहेत. आश्विन वद्य द्वादशीला, म्हणजे वाघबारशीला, गुरे राखणाऱ्यांनी त्याला नैवेद्य दाखवून वर्षभर गुराढोरांना सांभाळ असे मागणे मागायचे असते. येथे वाघ हा शब्द पट्टेरी वाघ आणि बिबट्या या दोघांनाही चालतो, त्यामुळे पट्टेरी वाघ या मुलखातून नाहीसा झाल्यावरही देवाचे नाव बदलावे लागले नाही.

जंगलावर राज्यसत्तेची नजर मराठेशाहीतही होतीच. रामचंद्रपंत अमात्यांच्या ‘आज्ञापत्रा’त आरमारासाठी लागणारा साग हुजूरच्या परवानगीने तोडावा, आणि आंबा-फणसासारखी फळझाडे रयतेने लेकरांसारखी वाढवलेली असल्याने त्यांना हात लावू नये, असा दंडक आहे. रान हे राज्याचे आहे तसे रयतेचेही आहे, अशी दुहेरी जाणीव त्यामागे दिसते. ही दुहेरी जाणीव एकोणिसाव्या शतकात मोडली आणि तिच्या मोडण्याला लोहमार्गाने वेग दिला. ठाण्याला १८५३ साली पोचलेली गाडी १८५५ मध्ये वासिंदला आणि १८६१च्या आरंभी कसाऱ्याला आली. तेथून पुढे थळघाटाचा चढ, जो सदतीस फुटांना एक फूट इतका तीव्र आहे, तो बांधून १८६५ साली इगतपुरी जोडली गेली. रुळांखालच्या लाकडी आडव्या पट्ट्या, म्हणजे स्लीपर, पुलांची कामे, मजुरांच्या वसाहती, विटांच्या आणि कोळशाच्या भट्ट्या यांनी किती झाडे घेतली, हे वेगळे सांगण्याची गरज नाही. शिवाय मार्ग झाल्यावर मुंबईचा लाकूड-बाजार एका दिवसाच्या अंतरावर आला. जे रान आजवर दुर्गमतेमुळे वाचले होते, त्याचे तेच कवच गळून पडले.

तोड आवरण्यासाठी सरकारने जे कायदे केले त्यांनी तोड तर थांबवलीच नाही, पण गावकऱ्याचा हक्क मात्र थांबवला. १८६५चा आणि त्याहून कडक असा १८७८चा वन कायदा यांनी रानाचे राखीव आणि संरक्षित असे वर्ग पाडले. ठाणे जिल्ह्यात या कायद्याची सर्वांत जिव्हारी लागलेली बाब राब ही होती. राब म्हणजे भाताचे रोप तयार करण्यासाठी जमिनीचा तुकडा भाजण्याची रीत: शेण, पालापाचोळा, झाडांच्या कोवळ्या फांद्यांची कवळे, गवत आणि वर माती असे थर रचून ते चैत्र-वैशाखात पेटवायचे, राखेवर पहिल्या पावसाआधी धान पेरायचे आणि रोप वीतभर झाले की त्याची आवणी, म्हणजे लावणी, करायची. तणाचे बी जळून जाते आणि रोप जोमदार येते, हे शेतकऱ्याला पिढ्यान्पिढ्यांच्या अनुभवाने माहीत होते. वनखात्याला मात्र त्यात केवळ झाडांची नासधूस दिसत होती. तक्रारी इतक्या वाढल्या की १८८५ साली ठाणे आणि कुलाबा या जिल्ह्यांतील गाऱ्हाण्यांच्या चौकशीसाठी मुंबई सरकारला वन आयोग नेमावा लागला आणि त्याचा अहवाल १८८७ मध्ये आला. खैराच्या लाकडाचे तुकडे मडक्यांत उकळून कात काढण्यावर ज्यांची उपजीविका आणि ज्यांचे नावही आधारलेले होते, त्या कातकऱ्यांचा धंदा याच काळात बसत गेला आणि अनेक कुटुंबे कोळशाच्या भट्ट्यांवर मजुरीला लागली. पक्ष्यांच्या इतिहासात ही हकीकत अप्रस्तुत नाही. ज्या माणसांना रानातील प्रत्येक आवाज ओळखू येत होता, त्यांनाच रानात चोर ठरवण्यात आले, आणि नेमक्या त्याच वर्षांत मुंबईत निसर्गाभ्यासाची संस्था उभी राहत होती.

ती संस्था म्हणजे १५ सप्टेंबर १८८३ रोजी आठ जणांनी स्थापन केलेली बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी. त्या आठांत डॉ. आत्माराम पांडुरंग आणि डॉ. सखाराम अर्जुन हे दोन भारतीय होते. १८८६पासून संस्थेचे नियतकालिक निघू लागले आणि पश्चिम भारताच्या प्राणिजीवनाची नोंद शिस्तीने होऊ लागली. मात्र आरंभीच्या दशकांत बंदूक हेच निरीक्षणाचे मुख्य साधन होते. १८८२च्या ठाणे जिल्हा गॅझेटिअरच्या काळात वाघ-बिबट्या मारणाऱ्यास सरकारी बक्षीस मिळत असे. श्वापदांची मोजदाद व्हायची ती मारलेल्यांची, जिवंत असलेल्यांची नव्हे. पक्ष्यांच्या बाबतीतही अभ्यासकांची पावले सोयीच्या वाटेने पडली. सालिम अली आणि हुमायून अब्दुलअली यांनी १९३६ ते १९३९ या काळात प्रसिद्ध केलेली पक्षिसूची मुंबई आणि साष्टी बेटापुरती होती. शहापूर-मुरबाडचे रान आगगाडीने दोन-तीन तासांवर असूनही तिच्या कक्षेबाहेर राहिले.

त्याआधीच या रानाचे नशीब एका वेगळ्याच कारणाने पालटले होते. वाढत्या मुंबईची तहान विहार आणि तुळशी तलावांनी भागेना, तेव्हा तानसा नदीवर दगडी धरण बांधण्यात आले आणि १८९२ साली ते पुरे होऊन पाणी नळांवाटे शहराकडे निघाले. तलावाचे पाणी स्वच्छ राहायचे, गाळ कमी साचायचा, तर पाणलोट क्षेत्र, म्हणजे ज्या उतारांवरचा पाऊस वाहत तलावात येतो ते सारे क्षेत्र, झाडांनी झाकलेले असणे गरजेचे होते. जे पक्ष्यांच्या प्रेमापोटी कोणी केले नसते ते नळाच्या पाण्यासाठी झाले: तलावाभोवतीचे रान शाबूत ठेवले गेले. विसाव्या शतकात वैतरणेवर मोडकसागर, त्यापुढे अप्पर वैतरणा, भातसेवरचे मोठे धरण आणि अगदी अलीकडे मध्य वैतरणा अशी धरणांची साखळीच झाली. या जलाशयांनी नदीकाठची उत्तम राने आणि कित्येक पाडे पाण्याखाली घातले, ही त्यांची न टाळता येणारी दुसरी बाजू आहे. १९७० साली तानसा परिसराला अभयारण्य म्हणून घोषित करण्यात आले. सुमारे ३२० चौरस किलोमीटरचे हे क्षेत्र शहापूर, वाडा आणि मोखाडा या तालुक्यांत विभागलेले आहे. दोन वर्षांनी, १९७२ मध्ये, वन्यजीव संरक्षण कायदा आला आणि बक्षिसासाठी मारला जाणारा बिबट्या कायद्याने रक्षित झाला. मुरबाडच्या बाजूला १९८५मध्ये घोषित झालेल्या भीमाशंकर अभयारण्याचा काही भाग ठाणे जिल्ह्यात येतो, आणि उंच झाडांच्या फांद्यांच्या बेचक्यांत काटक्या-पानांची मोठी घरटी बांधणारी शेकरू ही तांबूस खार, महाराष्ट्राचा राज्यप्राणी, तेथे नांदते.

तानसाच्या रानाने राखून ठेवलेली सर्वांत मोठी ठेव मात्र २०१४पर्यंत कोणाच्या ध्यानीमनी नव्हती. तिची कथा पुन्हा हिमालयाकडे जाते. १८७२च्या डिसेंबरात आजच्या छत्तीसगडमध्ये फ्रान्सिस ब्लेविट या अधिकाऱ्याने एक लहान घुबड मिळवले आणि ते अॅलन ऑक्टेव्हियन ह्यूम याच्याकडे गेले. पुढे १८८५ साली राष्ट्रीय सभेच्या स्थापनेत पुढाकार घेणारा हाच तो ह्यूम. शिमल्याच्या जाखू टेकडीवर रॉथनी कॅसल या आपल्या घरात त्याने पक्ष्यांचे प्रचंड संग्रहालय उभारले होते आणि हिंदुस्थानभरचे हौशी संग्राहक त्याला नमुने पाठवीत. त्याने १८७३ साली या घुबडाचे वर्णन छापून त्याला ब्लेविटचे नाव दिले. मराठीत त्याला आज रानपिंगळा म्हणतात. गावातल्या वडा-पिंपळावर दिसणाऱ्या पिंगळ्याच्या डोक्यावर पांढरे ठिपके दाट असतात, तर रानपिंगळ्याचे डोके जवळजवळ कोरे, छाती गडद, पाय जाड पिसांनी झाकलेले आणि चोच-पंजे देहाच्या मानाने दणकट असतात. पिंगळा प्रामुख्याने सांजसकाळचा आणि रात्रीचा, तर रानपिंगळा दिवसाउजेडी पर्णहीन सागाच्या शेंड्यावर उन्हात बसतो आणि सरडे-पाली टिपतो. १८८०च्या आसपास खानदेशात नेमणुकीवर असलेल्या जेम्स डेव्हिडसन या सनदी अधिकाऱ्याने शहादा-तळोदा भागातून याचे आणखी नमुने जमवले. शेवटचा १८८४चा. त्यानंतर पक्षी जणू नाहीसाच झाला. ह्यूमचे तर याहून दुःखद झाले: आयुष्यभराच्या टिपणांची हस्तलिखिते शिमल्याच्या घरातून चोरीला जाऊन रद्दीत विकली गेली, आणि खचलेल्या मनाने त्याने १८८५ साली आपला सारा संग्रह लंडनच्या ब्रिटिश संग्रहालयाला देऊन टाकला.

पुढे रानपिंगळ्याचा शोध चुकीच्या जागी होत राहिला, आणि त्याला कारण झाली एक खोटी चिठ्ठी. रिचर्ड माइनर्ट्झहागन या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्याच्या संग्रहात १९१४ साली गुजरातेत मांडवीला मिळवल्याचा दावा असलेला रानपिंगळ्याचा नमुना होता. त्या चिठ्ठीवर विश्वास ठेवून सालिम अलींसारख्यांनी तिकडे शोध घेतला आणि हाती काही लागले नाही. अमेरिकी पक्षिशास्त्रज्ञ पामेला रासमुसेन यांनी या संग्रहाची बारकाईने तपासणी केली तेव्हा उघड झाले की, तो नमुना डेव्हिडसनने जमवलेल्या पक्ष्यांपैकीच एक होता. संग्रहालयातून चोरून, पुन्हा भरून, त्यावर नवी चिठ्ठी बांधलेली होती. खोटा पत्ता वगळून खऱ्या नमुन्यांच्या ठिकाणांवरच भर देत रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड अॅबट हे तिघे भारतात आले आणि २५ नोव्हेंबर १९९७ रोजी शहाद्याजवळ सातपुड्याच्या पायथ्याशी रानपिंगळा त्यांच्यासमोर फांदीवर बसलेला होता. एकशे तेरा वर्षांनी. त्यानंतर तोरणमाळ, यावल आणि मेळघाट येथे तो सापडत गेला आणि हा पक्षी सातपुड्याचाच अशी समजूत घट्ट झाली. ऑक्टोबर २०१४मध्ये तानसा अभयारण्यात तो दिसला तेव्हा ती समजूत मोडली, कारण शहाद्यापासून हे ठिकाण सरळ रेषेत सुमारे अडीचशे किलोमीटर दूर, सह्याद्रीच्या पश्चिमेला आहे. तो येथे नव्याने आला होता असे मानण्यास काही आधार नाही. मुंबईच्या नळाला पाणी पुरवणाऱ्या सागाच्या रानात तो बसून होता. पाहणारे डोळे तेथे उशिरा पोचले, इतकेच. जगभरच्या संकटग्रस्त जातींच्या यादीत अति-संकटग्रस्त म्हणून असलेला हा पक्षी नव्या नोंदींमुळे २०१८मध्ये एक पायरी खाली, संकटग्रस्त या वर्गात आणण्यात आला.

राखलेल्या रानांचे असे तुकडे एकमेकांना किती जोडलेले आहेत, हे एका बिबट्याने दाखवून दिले. २००९ साली तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातील टाकळी ढोकेश्वर येथे विहिरीत सापडलेल्या एका वयस्क नराला विद्या अत्रेय आणि वनखात्याच्या चमूने गळ्यात उपग्रहावरून ठिकाण कळवणारा पट्टा बांधून मुरबाडच्या माथ्यावरील माळशेज घाटात सोडले. त्याच्या शांतपणावरून त्याला आजोबा असे नाव पडले होते. सोडल्यावर तो तेथे थांबला नाही. महिन्याभरात शंभराहून अधिक किलोमीटर चालत, कसाऱ्याजवळ लोहमार्ग आणि मुंबई-आग्रा महामार्ग ओलांडत, वसईची खाडी पार करून तो मुंबईच्या वेशीवरील रानात पोचला आणि या साऱ्या वाटेत त्याने कोणा माणसाला इजा केल्याची नोंद नाही. ज्या रुळांवरून १८६१मध्ये या मुलखातले लाकूड शहराकडे जाऊ लागले, तेच रूळ त्याने रात्री ओलांडले. २०११च्या डिसेंबरात रस्त्यावर वाहनाची धडक बसून तो मेला. त्याच्यावर एक चित्रपट निघाला, तरी त्याच्या वाटेवर मात्र रस्ते वाढतच गेले: ७०१ किलोमीटरच्या समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा, जो कसारा आणि शहापूरच्या याच पट्ट्यातून जातो, तो ५ जून २०२५ रोजी वाहतुकीला खुला झाला. घाटातील लांब बोगद्यावरचे रान सलग राहिले आहे, पण बोगद्याबाहेर पडल्यावर कुंपणाची भिंत सुरू होते आणि भेकर, रानडुक्कर किंवा बिबट्या यांना ती सहज ओलांडता येत नाही.

चैत्र उजाडला की या मुलखात तीन गोष्टी एकाच वेळी घडतात. तानसा आणि भातसा यांचे पाणी नेहमीप्रमाणे मुंबईकडे वाहत असते, तर त्याच धरणांच्या उशाशी असलेल्या शहापूरच्या पाड्यांवर बायाबापड्या हंडे मांडून टँकरची वाट पाहत असतात. पाणलोटातील पाचोळ्यात सहा महिने किडे टिपलेला निळ्या डोक्याचा कस्तूर अंगावर चरबी साठवून उत्तरेकडे निघण्याच्या बेतात असतो. आणि आटलेल्या ओढ्याच्या काठी उंबराला लालबुंद फळे लागलेली असतात, त्यांवर पहाटे हरियालांचा थवा उतरतो, खाली पडलेली फळे गुराख्यांची पोरे वेचतात, आणि टँकर येऊन गेल्यानंतर रस्त्यावर सांडलेल्या पाण्याच्या डबक्यावर बुलबुल, होले आणि मैना जमतात.